सरोजिनीदेवी नायडू आणि त्यांच्या वाचनाची दोन वर्षे



वार्षिक अंकात एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. यंदा कोणाचे चरित्र लिहावे याचा विचार करीत असता शालेय ग्रंथालयातील एक नेहमीचे दृश्य आमच्या डोळ्यांपुढे आले. ग्रंथालयाच्या तासाला आठवी-नववीची मुले-मुली कपाटांभोवती गर्दी करतात. कोणास भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हवा असतो, कोणास 'किशोर' मासिकाचे जुने अंक हवे असतात, कोणी इंग्रजी साहसकथांची मोठी मालिका पहिल्या भागापासून मागतो. एक पुस्तक वाचून होते न होते तोच मित्राकडून दुसरे येते, वाढदिवसास तिसरे मिळते, आणि पाहता पाहता घरच्या टेबलावर न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग साठतो. मग मुलांच्या मनास रुखरुख लागते की, हे सारे वाचून केव्हा होणार? आणि वडील मंडळींस दुसरीच चिंता लागते की, ही मुले क्रमिक पुस्तके सोडून गोष्टींत रमली तर त्यांचे पुढे कसे होणार?

या दोन्ही प्रश्नांचा विचार करताना आम्हांस एका मुलीची आठवण झाली. ती आपल्याच हैदराबाद शहरात जन्मली आणि वाढली. वयाच्या चौदाव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत तिने शाळा नाही, परीक्षा नाही अशा स्थितीत पुस्तकांवर पुस्तके वाचली. पुढे तिचे नाव साऱ्या देशाने ऐकले. सरोजिनीदेवी नायडू या कवयित्री होत्या, राष्ट्रसभेच्या अध्यक्षा होत्या, राज्यपाल होत्या, हे तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलेच आहे. त्यांच्या आयुष्यातील वाचनाच्या त्या दोन वर्षांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून या लेखात आम्ही त्यांचे चरित्र त्या दोन वर्षांच्या अनुरोधाने सांगणार आहोत.

सरोजिनीदेवींचा जन्म १३ फेब्रुवारी १८७९ रोजी झाला. त्यांचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय हे मूळचे पूर्व बंगालमधील. एडिंबरो विद्यापीठाची विज्ञानातील सर्वोच्च पदवी मिळवून ते स्वदेशी परतले आणि निजामाच्या राज्यात शिक्षणाचे काम करण्यासाठी हैदराबादेस आले. येथे त्यांनी इंग्रजी शिक्षणाची जी शाळा उभी केली तिच्यातूनच पुढे निजाम कॉलेजचा उदय झाला. अघोरनाथ हे केवळ पुस्तकी पंडित नव्हते. अन्यायापुढे मान न तुकविण्याचा त्यांचा बाणा होता. निजाम सरकारच्या चांदा रेल्वेच्या योजनेस लोकांच्या वतीने विरोध केल्याबद्दल १८८३ साली त्यांस राज्याबाहेर घालविण्यात आले होते. पुढे त्यांस सन्मानाने परत बोलाविण्यात आले. सरोजिनीदेवींच्या मातुःश्री वरदासुंदरी यांनी तरुणपणी बंगालीत गीते रचली होती. या दांपत्याच्या आठ अपत्यांत सरोजिनी सर्वांत वडील.

नामपल्ली भागात चट्टोपाध्याय कुटुंबाचे जे घर आहे, ते आज 'गोल्डन थ्रेशोल्ड' या नावाने ओळखले जाते. १९७४ साली स्थापन झालेल्या हैदराबाद विद्यापीठाचा आरंभ याच वास्तूत झाला. अघोरनाथांच्या काळी त्यांच्या घराचे दार सर्वांस मोकळे असे. पंडित, मौलवी, कवी, वैद्य, साधू आणि किमयेच्या नादी लागलेले फकीर, असे नाना प्रकारचे लोक तेथे येत. विज्ञानाचा पदवीधर असूनही अघोरनाथांस स्वतःस किमयेचा छंद होता, आणि मुलांच्या देखत ते आपले प्रयोग करीत. अशा घरात वाढणाऱ्या मुलीच्या कानांवर किती विषय पडत असतील, याची कल्पना करावी. छापील पुस्तके हाती येण्यापूर्वीच तिला माणसांचे हे मोठे पुस्तक वाचावयास मिळाले होते.

या घरातील भाषांची व्यवस्थाही ध्यानात घेण्यासारखी आहे. आईवडिलांची भाषा बंगाली. आई मुलांशी हिंदुस्थानीत बोले, कारण शहराची भाषा ती होती. इंग्रजी मात्र मुलांनी शिकलीच पाहिजे, असा वडिलांचा आग्रह होता. लहानग्या सरोजिनीस ती भाषा बोलण्याचा मनस्वी तिटकारा होता. ती नऊ वर्षांची असता वडिलांनी तिला या हट्टाबद्दल शिक्षा म्हणून एक दिवसभर एकटीला खोलीत कोंडून ठेवले. त्या खोलीतून ती बाहेर पडली ती इंग्रजी बोलण्याचा निश्चय करूनच, आणि त्यानंतर ती वडिलांशी आणि आईशीही इंग्रजीतच बोलू लागली. मुलांस कोंडून शिकविण्याची ही रीत आज आपण कोणीही योग्य म्हणणार नाही. तथापि पुढे साऱ्या जगास मोहून टाकणारी त्यांची इंग्रजी वाणी अशा प्रकारे हट्टातून आणि रागातून जन्मली, ही गोष्ट खरी आहे.

आपली मुलगी मोठी गणिती किंवा शास्त्रज्ञ व्हावी, असे अघोरनाथांच्या मनात होते. परंतु मुलीचा ओढा निराळा होता. वयाच्या अकराव्या वर्षी ती एकदा बीजगणिताच्या एका उदाहरणाशी झटत बसली होती. काही केल्या उत्तर जुळेना. तेवढ्यात एकाएकी तिला एक संपूर्ण कविता सुचली आणि तिने ती उतरून काढली. त्यांच्या काव्यलेखनाचा प्रारंभ तो हा. बीजगणिताने गांजलेल्या आमच्या वाचकांस हा प्रसंग फार आवडेल हे आम्ही जाणतो. परंतु त्यांनी पुढची हकीकतही ध्यानात ठेवावी. याच मुलीने अभ्यास अर्धवट सोडला नाही. वयाच्या बाराव्या वर्षी, १८९१ साली, ती मद्रास विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशन परीक्षा उत्तीर्ण झाली. ज्या काळात मुलींनी शाळेची पायरी चढणे हेच नवलाचे होते, त्या काळात बारा वर्षांच्या मुलीच्या या यशाची वार्ता देशभर पसरली.

योगायोग असा की, त्याच १८९१ साली आपल्या शहरात कुतुबखाना आसफिया हे सरकारी ग्रंथालय स्थापन झाले. आज अफझलगंजला मुसी नदीच्या काठी राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून जी भव्य इमारत उभी आहे, ती याच संस्थेची. पुढे दहा वर्षांनी, १९०१ साली, श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय निघाले. १९०७ साली विवेक वर्धिनी ही मराठी शाळा स्थापन झाली. मराठी ग्रंथ संग्रहालयही येथील वाचनप्रेमी मराठी मंडळींनीच पुढे उभे केले. परंतु सरोजिनी लहान होती तेव्हा यांपैकी पुष्कळसे अजून व्हावयाचे होते. तिला मिळणारी पुस्तके ही मुख्यतः घरची आणि वडिलांच्या स्नेह्यांकडची.

आता आपण मुख्य भागाकडे येतो. तेराव्या वर्षी तिने एक दीर्घकाव्य लिहावयास घेतले आणि सहा दिवसांत तेराशे ओळी लिहून ते पुरे केले. याच सुमारास तिची प्रकृती ढासळली. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, मुलगी फार आजारी आहे, तिने पुस्तकास हातही लावू नये. हे ऐकताच तिने त्या डॉक्टरांस डिवचण्यासाठी म्हणून पुस्तके बाजूस ठेवली आणि कसलीही पूर्वयोजना न करता दोन हजार ओळींचे एक नाटक लिहून काढले! वाचू नको म्हणता काय, मग मी लिहिते, असा तो बालसुलभ हट्ट होता. या हट्टाची किंमत तिला द्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे. त्या काळापासून तिची प्रकृती जी बिघडली ती कायमचीच, आणि दुखण्यांनी तिची पाठ जन्मभर सोडली नाही. म्हणून, मित्रहो, डॉक्टरांची आज्ञा मोडण्याचा कित्ता या चरित्रातून कोणी गिरवू नये.

प्रकृतीमुळे नियमित शिक्षण बंद पडले. मॅट्रिक तर होऊन गेली होती, आणि पुढचा मार्ग तूर्त अडला होता. अशा वेळी एखादी मुलगी खिन्न होऊन बसली असती. सरोजिनी वाचू लागली. पुढे इंग्रज कवी आर्थर सायमन्स यांस लिहिलेल्या पत्रांतून त्यांनी आपल्या बालपणाची जी हकीकत कळविली, तीत त्यांनी स्पष्ट म्हटले आहे की, आपल्या एकूण वाचनाचा मोठा भाग चौदा ते सोळा या वयातच झाला. म्हणजे १८९३ ते १८९५ हा तो काळ. भूक लागलेल्या माणसाने अन्नावर तुटून पडावे तशी ती पुस्तकांवर तुटून पडली होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यास आपण आज किशोर वाङ्मय म्हणतो, म्हणजे बालकथा तर मागे पडल्या आणि प्रौढांचे ग्रंथ तर अजून जड जातात अशा वयासाठी मुद्दाम लिहिलेले साहित्य, ते त्या काळी फार थोडे होते. आपल्या मराठीत विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिक १८८१ पासून निघत होते आणि हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' पत्र सुरू केले होते. पुण्यामुंबईची मुले ते अंक घरच्या मोठ्यांच्या हातून ओढून घेऊन वाचीत. इंग्रजीत स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी १८८३ साली पुस्तकरूपाने आली होती. परंतु चौदा वर्षांच्या वाचकासाठी कपाटे भरभरून पुस्तके मिळावीत, असा तो काळ नव्हता. सरोजिनीने थोरांचीच पुस्तके वाचली. टेनिसन आणि शेली या इंग्रज कवींची छाप तिच्या त्या वयातील कवितांवर स्पष्ट दिसत असे, असे पुढे जाणकारांनी नमूद केले आहे.

या वाचनाबरोबर तिने आणखी एक गोष्ट केली, आणि आमच्या मते तीच महत्त्वाची आहे. ती जे वाची त्याच्या जोडीने सतत लिहीत असे. त्या दोन वर्षांत तिने एक कादंबरी लिहिली आणि दैनंदिनीच्या जाडजूड वह्या भरून टाकल्या. ती कादंबरी आज कोणी वाचत नाही आणि त्या वह्यांमुळे कोणी तिला थोर म्हणत नाही. प्रौढपणी स्वतः सरोजिनीदेवींनाच त्या काळातील आपल्या गंभीर पवित्र्याचे हसू येई. परंतु पुस्तकांचा ढीग नुसता डोळ्यांखालून घालणे वेगळे आणि त्यातील चार विचारांशी वहीत बसून झगडणे वेगळे. पहिल्याने ढीग कमी होतो. दुसऱ्याने माणूस वाढतो.

वाचनाचा हा काळ १८९५ साली संपला. निजाम मीर महबूब अली खान यांच्या राज्याकडून तिला खास शिष्यवृत्ती मिळाली आणि सोळा वर्षांची सरोजिनी विलायतेस रवाना झाली. ही गोष्ट आज आपणांस मोठ्या भाग्याची वाटते, परंतु ती तिच्या इच्छेविरुद्ध झाली होती. डॉक्टर गोविंदराजुलू नायडू यांच्याशी विवाह करण्याचे तिने मनाशी ठरविले होते. डॉ. नायडू प्रतिष्ठित कुळातले असले तरी ब्राह्मण नव्हते. या जातिभेदामुळे दोन्ही घरांतून विरोध झाला, आणि मुलीचे वयही लहान होते. तेव्हा तिला शिक्षणासाठी दूर देशी पाठविण्यात आले. तेथे तिने प्रथम लंडनच्या किंग्ज कॉलेजात आणि नंतर केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात अध्ययन केले. तेथेही प्रकृतीने दगा दिला आणि शिक्षण अपुरे राहिले. पदवीचा कागद तिच्या हाती कधीच आला नाही.

पण लंडनमध्ये एक घटना अशी घडली की, ती पदवीहून मोलाची ठरली. एडमंड गॉस नावाचे एक मान्यवर टीकाकार त्या वेळी तेथे होते. सोळा वर्षांची ही हिंदी मुलगी त्यांच्या घरी येऊ लागली तेव्हा तिची बहुश्रुतता आणि बुद्धीची प्रौढता पाहून ते थक्क झाले. हैदराबादेतील त्या दोन वर्षांचे हे फळ होते. धीर करून एके दिवशी तिने आपल्या कवितांचे बाड त्यांच्या हाती दिले.

गॉस यांनी ते वाचले आणि त्यांची मोठी निराशा झाली. वृत्ते निर्दोष होती, भाषा शुद्ध होती, यमके सफाईदार होती. परंतु त्या कवितांत रॉबिन आणि स्कायलार्क हे विलायती पक्षी गात होते, विलायती खेड्यातील देवळांच्या घंटा वाजत होत्या. लिहिणारी मुलगी हैदराबादची, आणि तिच्या लेखणीतून उतरत होता न पाहिलेला इंग्लंड देश! टेनिसन आणि शेली यांच्या पुस्तकांत जे होते तेच तिच्या वहीत पुन्हा आले होते. गॉस यांनी तिला स्पष्ट सांगितले की, हे सारे बाजूस टाकावे आणि नव्याने आरंभ करावा. इंग्लंडचे पक्षी वर्णन करणारे कवी इंग्लंडात पुष्कळ आहेत. तिने आपल्या देशाची फुले, फळे, डोंगर, देवालये, तेथील माणसे आणि त्यांच्या भावना आम्हांस दाखवाव्यात, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

मित्रहो, या प्रसंगी त्या मुलीच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याचा विचार करा. दोन वर्षे आजारपणात केलेले वाचन, भरलेल्या वह्या, शेकडो ओळी, आणि या साऱ्यांचा निष्कर्ष एका विद्वानाने असा काढावा की, यात तुझे असे काहीच नाही! दुसरी एखादी रुसली असती, किंवा लेखणी खाली ठेवून मोकळी झाली असती. बालपणी डॉक्टरांशी ईर्षा करणाऱ्या सरोजिनीने येथे हट्ट केला नाही. तिने ते बोलणे मनावर घेतले आणि आपला मार्ग बदलला.

मग ते दोन वर्षांचे वाचन वाया गेले म्हणावयाचे काय? आम्हांस तसे वाटत नाही. शब्दांवरील जे प्रभुत्व आणि कानांस जी लयीची जाण पुढे त्यांच्या काव्यात दिसली, ती त्याच वाचनाची देणगी होती. वाचनाने त्यांस हत्यारे मिळाली होती. त्या हत्यारांनी काय घडवावयाचे हे मात्र पुस्तकांत लिहिलेले नव्हते. ते नामपल्लीच्या घरात, चारमिनारच्या बाजारात आणि दख्खनच्या मोकळ्या माळावर त्यांची वाट पाहत होते. हे कळण्यासाठी त्यांस सात समुद्र ओलांडून परक्या देशात जावे लागले, एवढेच.

सप्टेंबर १८९८ मध्ये सरोजिनीदेवी हैदराबादेस परतल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी जातीचे बंधन मोडून डॉ. नायडू यांच्याशी विवाह केला. तीन वर्षांच्या दुराव्याने त्यांचा निश्चय तसूभरही ढळला नव्हता. विवाह मद्रास येथे नोंदणी पद्धतीने झाला, आणि आंध्रचे थोर समाजसुधारक वीरेशलिंगम पंतुलू यांनी त्यात पौरोहित्य केले. पुढे या दांपत्यास जयसूर्य, पद्मजा, रणधीर आणि लीलामणी अशी चार अपत्ये झाली. संसाराच्या व्यापात आणि प्रकृतीच्या कुरबुरीत त्यांचे काव्यलेखन चालू राहिले.

१९०५ साली त्यांचा पहिला मोठा काव्यसंग्रह 'द गोल्डन थ्रेशोल्ड' लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यास प्रस्तावना सायमन्स यांची होती, आणि संग्रह अर्पण केला होता गॉस यांस, ज्यांनी तिचे बाड नापसंत केले होते त्यांसच! या संग्रहात विलायती पक्षी नाहीत. त्यात पालखी वाहणारे भोई आहेत, विणकर आहेत, जात्यावर दळण दळणाऱ्या बाया आहेत, गावोगाव फिरणारे गायक आहेत. १९१२ साली 'द बर्ड ऑफ टाइम' हा दुसरा संग्रह निघाला. त्याची प्रस्तावना गॉस यांनी लिहिली, आणि वर सांगितलेली सारी हकीकत आपणांस तेथूनच कळते. याच संग्रहात हैदराबादच्या बाजारावरील प्रसिद्ध कविता आहे. व्यापारी, सोनार, फळवाले, गवई, फुलवाल्या, सारे जण आपापला माल घेऊन तीत बसलेले आहेत. जो बाजार मुलगी रोज पाहत होती, तो कवितेत यावयास तिला इतकी वर्षे लागली. तिसरा संग्रह 'द ब्रोकन विंग' १९१७ साली आला.

त्यानंतर त्यांच्या हयातीत नव्या कवितांचा संग्रह निघाला नाही, कारण त्यांचे आयुष्य आता दुसऱ्याच कार्यास वाहिले गेले होते. १९०८ साली सप्टेंबरात मुसी नदीस महापूर आला आणि त्यात हजारो माणसे दगावली. त्या संकटात सरोजिनीदेवींनी पूरग्रस्तांची जी सेवा केली तिच्याबद्दल सरकारने त्यांस कैसर-ई-हिंद पदक दिले. पुढे जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर ते पदक त्यांनी सरकारास परत केले. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा निकटचा स्नेह होता. आपली वाणी आणि आपली प्रतिभा देशाच्या चरणी अर्पण करावी, अशी गोखल्यांनी त्यांस मनापासून गळ घातली होती. महाराष्ट्राच्या या थोर पुत्राचा शब्द त्यांनी मोडला नाही.

पुढील इतिहास तुम्हांस ठाऊक आहे. १९२५ साली कानपूरच्या अधिवेशनात त्या राष्ट्रसभेच्या अध्यक्षा झाल्या; तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. १९३० सालच्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर धारासणा येथील मिठाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व त्यांनी केले आणि तुरुंगवास पत्करला. १९४२ साली पुण्याच्या आगाखान राजवाड्यात गांधीजींसमवेत त्या स्थानबद्ध होत्या. स्वातंत्र्य मिळाल्यावर त्या संयुक्त प्रांताच्या राज्यपाल झाल्या, आणि २ मार्च १९४९ रोजी लखनौ येथे अधिकारपदावर असतानाच त्यांचे देहावसान झाले. राज्यपालपद भूषविणाऱ्या त्या देशातील पहिल्या महिला.

त्यांच्या कवितेविषयी नंतरच्या टीकाकारांचे एकमत नाही. तिची भाषा फार नटलेली आहे, तिच्यातील हिंदुस्थान जरा अधिकच रंगीत आहे, असे कित्येकांस वाटते. आईने ज्या भाषेत गीते रचली ती बंगाली, किंवा ज्या भाषेत शहर बोलत होते ती उर्दू, यांऐवजी त्यांनी इंग्रजीत लिहिले याचीही खंत कोणी व्यक्त करतात. या आक्षेपांत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. जी भाषा खोलीत कोंडून अंगी बाणवली गेली, तिचा ठसा जन्मभर राहिला. या बाबतीत तुम्ही त्यांच्याहून भाग्यवान आहात. तुम्ही शाळेत मराठीतून शिकता, रस्त्यावर तेलुगू आणि उर्दू ऐकता, आणि इंग्रजी व हिंदीही वाचता. या शहरातील मराठी मुलास जितक्या भाषांची दारे उघडी आहेत तितकी फार थोड्यांस असतील. प्रश्न एवढाच की, त्या दारांतून आत गेल्यावर परत आपल्या अंगणात येण्याची वाट आपण विसरू नये.

आता आरंभी सांगितलेल्या ढिगाकडे वळू. टेबलावर न वाचलेली पुस्तके साठली म्हणून कोणी कष्टी होऊ नये. ज्याचा ढीग संपला त्याचे वाचनही संपले असे समजावे. चौदा ते सोळा हे वय पुन्हा येत नाही, आणि त्या वयात वाचलेले मनात जितके खोल रुजते तितके पुढे काही रुजत नाही, ही गोष्ट सरोजिनीदेवींच्या चरित्रावरून स्पष्ट दिसते. म्हणून या वयात गोष्टी वाचाव्या, साहसकथा वाचाव्या, थोरांचे ग्रंथही धिटाईने उघडून पाहावे. जे पुस्तक मनास धरत नाही ते खुशाल मिटून ठेवावे. दोन वर्षांनी कदाचित तेच पुस्तक आपण होऊन हाक मारील. किती पुस्तके झाली याची मोजदाद करून मित्रांत बढाई मारण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक पुस्तकाविषयी वहीत चार ओळी तरी लिहाव्या, आणि वर्षाच्या अखेरीस ती वही उघडून स्वतःस विचारावे की, यात दुसऱ्याचे किती आणि माझे किती? पहिल्या वर्षी सारे दुसऱ्याचेच निघाले तरी लाज वाटू देऊ नये. सरोजिनीदेवींच्या बाबतीत तसेच निघाले होते.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मूल कथेच्या पुस्तकात डोके खुपसून बसले की ते वाया चालले, असे एकदम समजू नका. अघोरनाथांना मुलगी गणिती व्हावयास हवी होती. उदाहरणाच्या वहीत कविता सापडली तेव्हा ती त्यांनी फाडून टाकली नाही. आणि त्याच मुलीने पुढच्याच वर्षी परीक्षाही दिली, हे मुलांनी विसरू नये.

सुटीच्या दिवशी नामपल्लीकडे जाणे झाले तर त्या जुन्या घराकडे क्षणभर पाहावे. तसेच पुढे चारमिनारकडे जावे आणि बाजारात अर्धा तास उभे राहून नुसते पाहावे व ऐकावे. घरी आल्यावर जे दिसले ते आपल्या मराठीत वहीत उतरवावे. आलेल्या वह्यांतील निवडक उतारे पुढील वर्षीच्या अंकात छापण्याचा आनंद आम्हांस मिळो, एवढीच इच्छा प्रकट करून हा लेख येथे पुरा करितो.